मृत्यूच्या दाखल्याचे मोल कोणी द्यावे?

अमेरिकेत कोणी निवर्तले म्हणजे त्याच्या पश्चात राहिलेल्या कुटुंबाला पहिल्या काही आठवड्यांतच काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाच्या, आरोग्य-कचेरीत अर्ज करून, किंवा अंत्यसंस्काराची व्यवस्था पाहणाऱ्या फ्युनरल डायरेक्टरकरवी तो करवून, मृत्यूच्या दाखल्याच्या सही-शिक्क्याच्या नकला विकत घ्याव्या लागतात. या शिरस्त्याविषयी कोणी तक्रारीचा सूर काढला, तर तेथील प्रशासनाच्या कैवाऱ्यांकडून, आणि तेथे स्थायिक झालेल्या आपल्या पुष्कळशा सुशिक्षित मराठी मंडळींकडूनही, एक ठरीव उत्तर मिळते. ज्याला दाखला हवा त्याने त्याचे मोल द्यावे. ज्याला तो नको त्या करदात्याच्या माथी त्याचा खर्च का मारावा. शिवाय कचेरी चोख आहे, चिरीमिरी मागत नाही, सांगितलेल्या मुदतीत काम करून देते, आणि एवढ्या सोयीपुढे वीस-पंचवीस डॉलरांची मातब्बरी ती काय, असे ते उत्तर. ते इतक्या वेळा आणि इतक्या निःशंकपणे दिले जाते की त्याच्या मुळाशी असलेले गृहीत कोणी तपासून पाहत नाही. ते गृहीत खोटे आहे असे माझे मत आहे, आणि ते सविस्तर मांडणे मला अवश्य वाटते.

या उत्तरातील एक भाग मी आनंदाने मान्य करतो. काउंटीच्या कचेरीतील कारकून बहुधा सौजन्याने वागतो, अर्जाचा नमुना स्वच्छ छापलेला असतो, कोणते कागद सोबत आणावेत हे आगाऊ सांगितलेले असते, आणि पैसे दिल्यावर त्यांची पावती मिळते. आपल्याकडील कित्येक कचेऱ्यांतून मृताच्या मुलाला जी मानहानीची पायपीट करावी लागते तिच्या मानाने हे सुख थोडे नव्हे. परंतु वागणूक चांगली असणे ही एक गोष्ट आणि मागणी न्याय्य असणे ही दुसरी. गैर रक्कम सौजन्याने मागितली आणि तिची पावती दिली म्हणून ती वाजवी ठरत नाही. फार तर ती देताना मन कमी कष्टी होते, इतकेच.

जन्ममृत्यूची नोंद हा त्या देशात केंद्राचा नव्हे, घटक राज्यांचा अधिकार आहे, आणि राज्ये तो आपल्या काउंट्यांमार्फत आणि नगरांमार्फत चालवितात. कॅलिफोर्नियाचे उदाहरण घेतले तर तेथे सामान्यतः काउंटीचा आरोग्याधिकारी हाच मृत्यूचा स्थानिक निबंधक असतो. अलीकडच्या मृत्यूंचे दाखले त्याच्या कचेरीतून मिळतात, आणि जुन्या नोंदींसाठी काउंटीच्या दस्तऐवज-नोंदणी अधिकाऱ्याकडे, म्हणजे रेकॉर्डरकडे, जावे लागते. ही घडी एका दिवसात बसली नाही. १८८० साली केंद्राने मृत्युनोंदणीचे अधिकृत क्षेत्र आखले तेव्हा त्यात मॅसॅच्युसेट्स व न्यू जर्सी ही दोन राज्ये, वॉशिंग्टन राजधानीचा प्रदेश आणि काही शहरे एवढीच होती. प्रतिवर्षी आकडे गोळा करण्यास १९०० साली प्रारंभ झाला. आणि टेक्सास सामील होऊन तत्कालीन सर्व राज्ये त्या क्षेत्रात येण्यास १९३३ साल उजाडले. या अर्धशतकात एकेका विधिमंडळाचे मन वळवून हे कायदे करून घेण्यासाठी ज्यांनी खटपट केली, त्या वैद्यांच्या आणि आरोग्याधिकाऱ्यांच्या डोळ्यांपुढे शोकाकुल कुटुंबाला कागद विकण्याचा उद्देश नव्हता. कोणत्या वस्तीत माणसे कशाने मरतात हे कळल्यावाचून साथी आवरता येत नाहीत, आणि कोणत्या घरांतील अर्भके वर्षाच्या आत दगावतात हे ठाऊक झाल्यावाचून ती वाचविता येत नाहीत, अशी त्यांची धारणा होती, आणि ती यथार्थ होती. मृत्यूची नोंद समाजाने समाजासाठी सुरू केली, ही गोष्ट या वादात आरंभीच ध्यानी धरली पाहिजे.

आता ही नोंद तयार कोण करतो हे पाहू, कारण त्यावाचून मोल कोणी द्यावे याचा निर्णय व्हावयाचा नाही. मृताचे पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मस्थान, शिक्षण, वंश, वैवाहिक स्थिती, सैन्यात नोकरी केली होती किंवा नाही, पित्याचे नाव, मातेचे विवाहापूर्वीचे नाव, ही सारी माहिती पत्नी, पती, मुलगा किंवा मुलगी, अंत्यसंस्काराची व्यवस्था ठरविण्यासाठी फ्युनरल डायरेक्टरसमोर बसली असता सांगते. व्यवसायाच्या रकान्यात ‘निवृत्त’ असा शब्द घालून चालत नाही. आयुष्याचा बहुतेक काळ त्या माणसाने कोणते काम केले आणि ते कोणत्या धंद्यात केले, हे वेगवेगळे सांगावे लागते, कारण कोणत्या धंद्यातील माणसे कोणत्या व्याधीने जातात याचा अभ्यास त्याच दोन ओळींवरून होतो. ज्या दिवशी स्वतःचा पत्ता नीट आठवत नाही त्या दिवशी विधवेने हे सांगावयाचे असते, आणि ती ते सांगते. मृत्यूचे कारण डॉक्टर लिहितो. तात्कालिक कारण पहिल्या ओळीत, ते ज्यामुळे उद्भवले ते तिच्याखाली, असे एकेक पायरी उतरत मूळ रोगापर्यंत जावयाचे, हा त्या रकान्याचा क्रम आहे, आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्याने डॉक्टरला हे काम मृत्यूनंतर १५ तासांच्या आत पुरे करावे लागते. मग फ्युनरल डायरेक्टर ती नोंद संगणकावर भरून ८ दिवसांच्या आत स्थानिक निबंधकाकडे रुजू करतो. त्याखेरीज दहनाचा अथवा दफनाचा परवाना मिळत नाही.

म्हणजे माहिती कुटुंबाची, निदान डॉक्टरचे, लेखनाचे श्रम फ्युनरल डायरेक्टरचे, आणि या शेवटच्या श्रमांचे मोलही अखेरीस कुटुंबाच्याच बिलात चढलेले. निबंधकाची कचेरी ही नोंद तपासते, तिला क्रमांक देते आणि जतन करते. हे काम मी क्षुल्लक मानीत नाही. परंतु या नोंदीचा पहिला आणि सर्वांत मोठा उपभोक्ता कोण? राज्य, आणि राज्यामार्फत राष्ट्रीय आरोग्य-सांख्यिकी केंद्र. हृदयरोगाने किती गेले, कर्करोगाने किती, अफूजन्य औषधांच्या अतिसेवनाने किती तरुण दगावले, २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत कोविडने कोणत्या काउंटीवर केवढा घाला घातला, सरासरी आयुर्मान वाढले की घटले, हे सगळे त्या देशाला कळते ते या दाखल्यांवरून. ही माहिती देण्याची कुटुंबावर सक्ती आहे. तिच्याबद्दल कुटुंबाला एक पैचाही मोबदला नाही. आणि मग त्याच माहितीची एक प्रत कुटुंबाने मागितली की राज्य किंमत सांगते. लेव्हीचे म्हणून शेतकऱ्याच्या खळ्यावरून फुकट उचललेले धान्य पुढे त्यालाच बाजारभावाने विकावे, त्यातलाच हा प्रकार आहे.

‘ज्याला हवा त्याने मोल द्यावे’ हे तत्त्व पारपत्राला लावा, वाहन चालविण्याच्या परवान्याला लावा, माझी हरकत नाही. तेथे अर्जदाराला काहीतरी करावयाचे असते आणि ते करण्याची मुभा तो मागत असतो. मृताच्या मुलाला दाखला ‘हवा’ असतो हे म्हणणेच मुळी वस्तुस्थितीला धरून नाही. त्याला तो दुसरे कोणी मागते म्हणून लागतो, आणि मागणाऱ्यांत सरकारी कचेऱ्याच किती असतात हे एकदा मोजून पाहावे. पती-पत्नींच्या संयुक्त नावावर असलेल्या घराचा एक धनी वारला म्हणजे दुसऱ्याला त्या मृत्यूचे प्रतिज्ञापत्र काउंटीच्या रेकॉर्डरकडे नोंदवावे लागते, आणि त्यास दाखल्याची प्रमाणित प्रत जोडावी लागते. झेरॉक्स चालत नाही. आता हा रेकॉर्डर काउंटीचा, आणि ज्या कचेरीने मृत्यूची नोंद केली ती आरोग्य-कचेरीही बहुधा त्याच काउंटीची. जी गोष्ट काउंटीला आपल्या एका दफ्तरात अधिकृतपणे ठाऊक आहे, तीच तिच्या दुसऱ्या दफ्तरास कळविण्यासाठी काउंटी विधवेला कागद विकते आणि तिच्याच हातून तो परत आणविते. सार्वजनिक सेवकांचे निवृत्तिवेतन, न्यायालयातील मृत्युपत्राचा निकाल, वाहनाची मालकी बदलणे, येथेही सरकारी कचेऱ्या मृत्यूचा पुरावा मागतात तो कुटुंबाकडेच. ग्रेट ब्रिटनमध्ये दाखल्याच्या प्रतीला पैसे पडतात हे खरे. पण तेथे मृत्यूची नोंद झाल्यावर एकदाच वर्दी देऊन निवृत्तिवेतन, कर, पारपत्र, वाहन-परवाना अशा अनेक सरकारी खात्यांना ती विनामूल्य पोहोचविण्याची सोय शासनाने केली आहे. सरकारने स्वतःशी बोलावे यासाठी नागरिकाने निरोप्या व्हावे आणि वर निरोपाचे भाडेही भरावे, ही काही निसर्गाने घालून दिलेली मर्यादा नव्हे, हे त्यावरून सिद्ध होते.

यावर प्रतिपक्षाचे म्हणणे असे की, कागद साधा नसतो. तो खास सुरक्षेचा असतो, त्यावर उठावाची मोहोर असते, त्याची नक्कल केल्यास ती ओळखू यावी अशी योजना असते, आणि याला खर्च येतो. येतो हे खरे. पण किती येतो, याचा अंदाज खुद्द त्यांच्याच दरपत्रकांवरून घेता येतो. टेक्सासमध्ये पहिल्या प्रतीस २० डॉलर घेतात आणि त्याच वेळी मागितलेल्या पुढल्या प्रत्येक प्रतीस ३ डॉलर. फ्लोरिडाच्या राज्य-कचेरीत पहिलीस ५ आणि पुढचीस ४. कागद तोच, मोहोर तीच. कॅलिफोर्नियात मात्र पहिलीला जो दर तोच दहावीला, आणि तो २०२४ साली प्रतीमागे २४ डॉलर होता. एका राज्यात तीन डॉलरांत निघणारी प्रत दुसऱ्या राज्यात चोवीस डॉलरांना का पडावी, याचे उत्तर कागदाच्या किमतीत सापडणार नाही. ते सापडते दुसरीकडे: या रकमेत निरनिराळे अधिभार मिसळलेले असतात. कॅलिफोर्नियाने बेवारस मृतदेहांची आणि हरवलेल्या माणसांची ओळख पटविण्यासाठी डीएनएचा जो संग्रह उभारला, त्याचा खर्च मृत्यूच्या दाखल्यावर लहानशी रक्कम वाढवून भागविण्याची तजवीज कायद्याने केली. ओहायोत दाखल्याच्या शुल्कातील काही भाग बालकल्याणाच्या निधीस आणि कौटुंबिक हिंसेला आळा घालण्याच्या निधीस जातो. ही कामे थोर आहेत, आणि त्यांना पैसा कमी पडू नये असेच कोणीही म्हणेल. परंतु हरवलेल्या मुलाचा शोध हे सगळ्या समाजाचे कर्तव्य असेल तर त्याचा भार सगळ्या समाजाने उचलावा. ज्याच्या घरी गेल्या आठवड्यात मृत्यू झाला त्यानेच तो का उचलावा, याला कोणतेही नैतिक कारण देता येत नाही. कारण एकच आहे, आणि ते असे की, हा माणूस नाही म्हणू शकत नाही. त्याला प्रत घ्यावीच लागते, तो घासाघीस करीत नाही, आणि मोर्चा काढण्याच्या मनःस्थितीत तर तो मुळीच नसतो. ज्याला प्रतिकार करता येत नाही त्याच्यावर बसविलेली पट्टी वसूल करणे सोपे असते. सुलभ वसुली हे काही कराच्या न्याय्यतेचे लक्षण नव्हे.

दुसरा बचाव अधिक गंभीर आहे. दाखला फुकट केला तर भामटे मृतांच्या नावाने ते काढून घेतील आणि त्यांच्या नावावर कर्जे उचलतील, अशी भीती घातली जाते. ही लबाडी काल्पनिक नाही. परंतु तिला आळा बसतो तो कशाने? २००३ पासून कॅलिफोर्नियात अधिकृत प्रमाणित प्रत फक्त कायद्याने नेमून दिलेल्या व्यक्तींनाच मिळते: माता, पिता, मुले, नातवंडे, भावंडे, पती-पत्नी, वकील, मृत्युपत्राचा अंमल करणारा, अशी ती यादी आहे, आणि अर्जदाराला खोटेपणाबद्दल शिक्षेची जबाबदारी पत्करून शपथेवर सही करावी लागते, टपालाने अर्ज केल्यास ती सही नोटरीसमोर व्हावी लागते. ज्याचा या यादीत समावेश नाही त्याला मिळणाऱ्या प्रतीवर, ती केवळ माहितीसाठी असून ओळख सिद्ध करण्यास ग्राह्य नाही, असा ठसा असतो. आणि या दुय्यम प्रतीलाही तेवढेच शुल्क पडते. शुल्क हा जर सुरक्षेचा उपाय असता तर ज्या कागदाने काही सिद्धच होत नाही त्याला ते पूर्ण का लावावे? भामट्याला चोवीस डॉलर अडवीत नाहीत. त्याला शपथ, यादी आणि नोटरी अडवितात. अडतो तो दिवसाच्या मजुरीवर जगणारा वारस.

येथे रक्कम किरकोळ असल्याचा मुद्दा पुढे येतो. ज्यांचे वेतन मोठे आहे त्यांना ती किरकोळ वाटावी यात नवल नाही. पण बँक, विम्याची कंपनी, निवृत्तिवेतनाचा फंड, रेकॉर्डर, समभागांचे खाते, असे ज्याला त्याला स्वतंत्र प्रत लागते, काही जण ती परत करीत नाहीत, आणि म्हणून दहा प्रती घेऊन ठेवा असा सल्ला फ्युनरल डायरेक्टर सर्रास देतात. २०२४ च्या कॅलिफोर्नियाच्या दराने त्यांचे २४० डॉलर होतात. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवावा. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी योजनेत कमावत्या माणसाच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीला अथवा पात्र अपत्याला एकरकमी साहाय्य मिळते, ते आहे २५५ डॉलर. १९५४ साली जी कमाल मर्यादा ठरली ती महागाई कितीही वाढली तरी आजतागायत हललेली नाही. राष्ट्राने मृत्यूच्या प्रसंगी एका हाताने जे दिले ते काउंटीच्या खिडकीवर दुसऱ्या हाताने जवळजवळ पुरते काढून घेतले जाते. याला किरकोळ म्हणणाऱ्याने ती रक्कम जिला द्यावी लागते तिच्याकडे पाहून तो शब्द उच्चारावा.

आणि हे जेथे सर्व सुरळीत झाले तेथले. ज्याचा मृत्यू अकस्मात झाला, किंवा ज्याचे कारण शवपरीक्षेवाचून ठरत नाही, त्याचे प्रकरण कोरोनर अथवा वैद्यकीय परीक्षकाकडे जाते. विषपरीक्षेचे निष्कर्ष येण्यास कित्येकदा महिनोन् महिने लागतात, आणि तोवर कारणाच्या रकान्यात निर्णय प्रलंबित असल्याचा शेरा मारून दाखला दिला जातो. कुटुंब त्याच्या प्रती विकत घेते, कारण घराचे हप्ते थांबत नाहीत. विम्याची कंपनी तो शेरा पाहून अंतिम कारण मागते. आणि कारण ठरून नोंद दुरुस्त झाली की कुटुंबाला नव्या प्रती नव्याने पैसे देऊन घ्याव्या लागतात. अपूर्णता कोणाची? तपास राज्याचा, विलंब राज्याचा, दुरुस्ती राज्याची. आणि दुसऱ्यांदा मोल मात्र ज्याचा तरुण मुलगा अपघातात गेला त्या बापाचे. या सबंध व्यवस्थेत मला इतके निष्ठुर दुसरे काही दिसत नाही, आणि याचे समर्थन करताना प्रतिपक्षातील कोणालाही मी अद्याप ऐकलेले नाही. ते या मुद्द्याशी येऊन थांबतात.

फुकट देणे व्यवहारात शक्य नाही, असे कोणी म्हणेल तर त्याला दोन दाखले देतो. पहिला अमेरिकेतलाच आहे: माजी सैनिकाच्या संबंधातील लाभांच्या दाव्यासाठी लागणारी प्रत विनामूल्य द्यावी, असा नियम कॅलिफोर्नियात आहे. त्याने तेथील काउंट्यांचे दिवाळे वाजले नाही. दुसरा आपला आहे. भारताच्या १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाच्या बाराव्या कलमाने, नोंद पुरी होताच ज्याने वर्दी दिली त्याला त्या नोंदीचा उतारा विनामूल्य देण्याची जबाबदारी निबंधकावर टाकली. २०२३ च्या दुरुस्तीने त्याला सात दिवसांची मुदतही घातली. आमच्या ग्रामपंचायतींत आणि नगरपालिकांत हे कलम नेहमी पाळले जाते असा दावा मी करणार नाही. पुष्कळ ठिकाणी फुकटच्या उताऱ्यासाठीही हेलपाटे घालावे लागतात, आणि त्याबद्दल आमची कानउघाडणी झाली पाहिजे ती निराळी. पण कायदा करणाऱ्यांनी तत्त्व ओळखले होते: वर्दी देणाऱ्याने समाजाचे एक काम केले आहे, आणि त्याच्या नोंदीची पहिली प्रत हे राज्याचे त्याला देणे आहे. गरीब देशाने जे तत्त्व कायद्याच्या पुस्तकात लिहिले, ते श्रीमंत देशाच्या काउंट्यांना परवडत नाही हे मला पटणे शक्य नाही.

आपल्या लोकांच्या बाबतीत हा भार आणखी वाढतो. कॅलिफोर्नियातील सॅन होझे किंवा फ्रीमाँट येथे वारलेल्या गृहस्थाच्या नावावर पुण्यात सदनिका असते, गावी वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा असतो; वारस-नोंद करून फेरफार व्हावयाचा तर तलाठ्यापुढे, आणि सदनिका वारसांच्या नावे व्हावयाची तर गृहनिर्माण संस्थेपुढे, परदेशी दाखला सादर करावा लागतो, आणि तो ग्राह्य होण्यासाठी त्यावर अपोस्टील, म्हणजे परदेशी दस्तऐवजाच्या खरेपणाचे प्रमाणपत्र, लागते. ही पद्धत घालून देणाऱ्या १९६१ च्या हेगच्या करारात भारत २००५ साली आल्यापासून हे सोपे झाले आहे. तथापि अपोस्टील झेरॉक्सवर मिळत नाही, ते मूळ प्रमाणित प्रतीलाच जोडले जाते, आणि कॅलिफोर्नियाचा सेक्रेटरी ऑफ स्टेट त्यासाठी २० डॉलर वेगळे घेतो. दोन ठिकाणी दाखला हवा तर दोन प्रती आणि दोन अपोस्टील. म्हणूनच, आता सर्व काही संगणकावर पडताळता येईल, कागदच उरणार नाही, मग या वादाचे प्रयोजन काय, असे जे सांगतात त्यांच्या आश्वासनावर मी विसंबू शकत नाही. संगणकीय पडताळणी वाढत आहे आणि ती वाढावी. पण तिची सोय आज मुख्यतः अमेरिकेतील शासकीय खात्यांना आणि मोठ्या संस्थांना आहे, आणि सातारा जिल्ह्यातील तलाठ्याच्या टेबलावर अजून बराच काळ मोहोर असलेला कागदच ठेवावा लागणार आहे.

माझे मागणे प्रतिपक्ष समजतो तितके अवाजवी नाही. सगळ्याच प्रती फुकट द्या असे मी म्हणत नाही. नोंदीची माहिती देणाऱ्या कुटुंबाला पहिली प्रमाणित प्रत हक्काने आणि विनामूल्य मिळावी. पुढल्या प्रतींना कागद, मोहोर आणि टपाल यांचा जो खरा खर्च येतो तेवढाच आकारावा, आणि टेक्सासचे तीन डॉलर हे त्याचे माप मानण्यास माझी हरकत नाही. एका काउंटीच्या एका खात्याने दुसऱ्या खात्याच्या नोंदीसाठी नागरिकाकडून नक्कल मागू नये. थोर कार्यांचे निधी सर्वसाधारण करांतून भरावेत. आणि मृत्यूचे कारण मागाहून ठरून राज्यानेच आपली नोंद बदलली, तर ज्याने ज्याने प्रलंबित शेऱ्याची प्रत पैसे देऊन घेतली असेल त्या प्रत्येकाला, नवा अर्ज आणि नवे शुल्क न मागता, दुरुस्त प्रत कचेरीनेच टपालाने घरी पाठवावी. तिच्याजवळ त्याचे नाव आणि पत्ता अर्जावर लिहिलेला असतोच.